जुजबंदी

बेळगावात खडेबाजारालगतच्या एका बोळात पुस्तकबांधणीचे दुकान आहे. दुकान म्हणजे पुस्तके दाबून ठेवायचे दोन शिकंजे, एक कापणीयंत्र आणि खळीचे पातेले. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, नाहीतर वाचकाच्या आधी झुरळेच पुस्तकाचा फडशा पाडतील. मराठी आणि कानडी पुस्तके तिथे एकाच शिकंज्यात, एकमेकांवर दाबून वाळतात.

“शिवायचं की चिकटवायचं?” हा बांधणीकाराचा पहिला प्रश्न असतो. छापील कागदाच्या घडीचा एक जुज, असे जुज दोऱ्याने एकमेकांत गुंफत शिवले (हीच जुजबंदी) की पुस्तक सपाट उघडते. चिकटवताना मात्र घड्यांची पाठच कापून टाकतात, आणि पुढे गोंद कडक झाला की पाने एकेक करून घर सोडतात. जुज म्हणजे भाग, आणि बांधणीला म्हणतात ती जिल्द म्हणजे कातडे. दोन्ही शब्द मूळचे अरबी. आपल्या पोथीला शिवणच नव्हती. सुटी पाने, वरखाली दोन फळ्या आणि भोवती रुमाल, एवढ्यावर तिचे भागत असे.

लंडनमध्ये पुस्तके बांधणाऱ्या कामगारांनी १७८६ साली रोजचे काम तासाभराने कमी व्हावे म्हणून संप केला. त्यांच्यापैकी काहींना त्यापायी तुरुंगवास घडला. तिथे घड्या घालणे आणि शिवणे हे बहुधा बायकांचे काम असे, कातडे आणि सोनेरी अक्षरे पुरुषांकडे. याच शहरात १८०५ मध्ये मायकेल फॅरडे बांधणीकाराकडे उमेदवारीला लागला आणि हाताखालून जाणारी पुस्तके वाचू लागला. (मालकाने ते चालू दिले, याचे मला अधिक कौतुक वाटते.) रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची टिपणे त्याने स्वतः बांधून त्यांनाच पाठवली, आणि १८१३ मध्ये त्याला प्रयोगशाळेत नोकरी मिळाली.

माझ्या आजोबांची निपाणीकडच्या तंबाखूच्या शेतीची हिशेबवही मी अशीच एकदा बांधायला दिली होती. उजव्या समासात त्यांनी पावसाच्या नोंदी केल्या होत्या, आणि हे सांगायचे मी विसरलो. वही परत आली ती देखणी, तिन्ही कडा सुरीने सरळ केलेली. आता ‘कड कापू नका’ असे मी आधीच बजावतो, त्यावर “कापल्याशिवाय वही वहीसारखी दिसत नाही बघा” असे उत्तर मिळते. पानोपानी ‘पाऊस’ या शब्दातला ‘स’ गेला आहे. वही मात्र टेबलावर सपाट उघडते.