फॉरिन अफेअर्स संच : ६७व्या खंडाचा गुंता सुटला

‘फॉरिन अफेअर्स’ या अमेरिकी परराष्ट्र-धोरणविषयक नियतकालिकाचे जुने अंक जमवताना खंड ६७, अंक ३, ४ आणि ५ शोधत असाल तर थांबा. ते छापलेच गेले नाहीत!

१९७८च्या शरद अंकापासून (५७/१, म्हणजे खंड ५७, अंक १) वर्षाला पाच अंक सुरू झाले: चार ऋतूंचे, शिवाय ‘अमेरिका अँड द वर्ल्ड’ हा वार्षिक आढावा. म्हणून संग्रहाच्या यादीत ६७च्याही पुढे आपण पाच रकाने आखतो. भरतात दोनच, १९८८चा शरद आणि १९८८-८९चा हिवाळी.

किल्ली आढावा अंकात आहे. १९८७-८८चा आढावा ६६/३, तर १९८८-८९चा थेट ६८/१. खंड तोवर शरदात सुरू व्हायचा, तो इथून वर्षारंभी सुरू होऊ लागला, आणि त्या बदलात ६७ अर्ध्यावर संपला. १९८९चा वसंत ६८/२, उन्हाळी ६८/३, शरद ६८/४. साखळी कुठेही तुटत नाही. कुणी ६७ ‘अपूर्ण’ म्हणून स्वस्तात देत असेल तर बिनधास्त घ्या.

खंडक्रमांकात १९२१ मिळवा, खंड सुरू झाल्याचं साल मिळतं. नेहरूंचा ‘द युनिटी ऑफ इंडिया’ १६/२ मध्ये आहे: खंड १९३७चा, अंक मात्र जानेवारी १९३८चा. ६६पर्यंत ही एका वर्षाची उडी लक्षात ठेवावीच लागते.

मुखपृष्ठ गेलेले जुने अंकही ओळखता येतात, कारण पानांचे आकडे खंडभर सलग चालत. अमेरिकी मुत्सद्दी जॉर्ज केननचा ‘एक्स’ या टोपणनावाने आलेला लेख (जुलै १९४७, २५/४) पान ५६६वर सुरू होतो. १९९३मध्ये ही युक्ती चालत नाही. सॅम्युअल हंटिंग्टनचा ‘द क्लॅश ऑफ सिव्हिलायझेशन्स?’ हा लेख ७२/३ मध्ये, पण पान २२वर. बांधीव खंड घेताना जपून, बांधणीत मुखपृष्ठं आणि जाहिराती बहुधा काढून टाकलेल्या असतात. सुटे अंक केव्हाही सरस.

बांधणीचा बेत होता: ६७ आणि ६८ एकत्र. पण सात अंकांचा ठोकळा उघडताना पाठ उकलणार. त्यापेक्षा १९७८पासून बांधायचंच नाही, कॅलेंडर वर्षाप्रमाणे आम्लमुक्त पेट्या करायच्या. मग १९८८च्या पेटीत ६६/३, ६६/४, ६६/५, ६७/१, ६७/२, बरोबर पाच! १९८९मध्ये ६८/१ ते ६८/५, पुन्हा पाच. पेटीच्या पाठीवर साल मोठं, खंड-अंक खाली बारीक.

१९९४पासून (७३/१) सहा अंक, तेव्हा त्या पेट्या एका अंकाच्या जाडीने रुंद कापायच्या.