तुम्ही विचारलंत म्हणून : काम गावात दिसतं, फाईलमध्ये का दिसत नाही?

कृषी सहायक (आताचे सहायक कृषी अधिकारी), केव्हीकेचे म्हणजे कृषी विज्ञान केंद्राचे विषय विशेषज्ञ, ‘आत्मा’चे म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेचे तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापक यांच्याकडून फिरून फिरून एकच प्रश्न येतो: ‘गावात काम झालंय, शेतकरी नाव घेतात, पण पुरस्काराचा प्रस्ताव पाठवला की टिकत नाही. लिहायचं तरी काय?’ त्याला जोडूनच दुसरा येतो: ‘प्रशिक्षणं कोणती करावीत, म्हणजे उपयोग होईल?’

लिहिण्याचा प्रश्न नंतरचा आहे. प्रस्ताव मागवला जातो तेव्हा बहुतेक जण फोटो शोधायला बसतात. त्या वेळी हातात जे असतं ते म्हणजे मेळाव्यांची संख्या, प्रशिक्षणांची संख्या, भेटींची संख्या आणि वाटलेल्या निविष्ठांची, म्हणजे बियाणं-खतं-औषधांची, यादी. हे सगळं तुम्ही काय केलंत ते सांगतं. शेतकऱ्याने काय केलं, ते त्यात कुठेच नसतं. तपासणारा माणूस नेमकं तेच शोधत असतो, आणि त्यातही एक आकडा: अनुदान थांबल्यावर, योजना दुसऱ्या गावात गेल्यावर, तुम्ही शिकवलेली गोष्ट स्वतःच्या खर्चाने किती जणांनी केली?

भेटी मोजायची सवय जुनी आहे. डॅनियल बेनॉर यांची प्रशिक्षण-आणि-भेट पद्धत जागतिक बँकेच्या पाठबळाने देशभर पसरली तेव्हा पंधरवड्याचं वेळापत्रक, ठरलेले संपर्क शेतकरी आणि त्यांच्या भेटींची नोंद हाच कामाचा कणा होता. ती पद्धत मागे पडली, तिचा रकाना मात्र आपल्या दैनंदिनीत राहिला.

आधी नावांचा गोंधळ दूर करू. राज्य शासनाच्या कृषी पुरस्कारांत कृषीरत्न, कृषीभूषण, जिजामाता कृषीभूषण, शेतीनिष्ठ, उद्यानपंडित हे शेतकऱ्यांचे. कृषी विभागातल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांसाठी आहे तो पद्मश्री डॉ. विठ्ठलराव विखे पाटील कृषिसेवारत्न. केव्हीकेसाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेचा पंडित दीनदयाल उपाध्याय राष्ट्रीय कृषी विज्ञान प्रोत्साहन पुरस्कार असायचा, तो केंद्राला मिळायचा. विस्तार शास्त्रज्ञांसाठी परिषदेचा स्वामी सहजानंद सरस्वती यांच्या नावाचा असायचा. नावं आणि नियम बदलत राहतात. त्या वर्षीचं परिपत्रक हातात घेऊनच नमुना भरा, मित्राने पाठवलेला मागच्या वर्षीचा नको. गोपनीय अहवाल, चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला असल्या कागदांना वेळ लागतो, त्यामुळे ते आधी मागून ठेवा. बरेच प्रस्ताव कामामुळे नाही, तर अशा एका कागदावाचून पडतात.

आता मुद्द्याचं. फाईल पेरणीआधी सुरू होते. सोयाबीनचं साधं उदाहरण घेऊ: उगवणशक्ती तपासणी, बीजप्रक्रिया आणि बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा सरीवर, पेरणी. प्रात्यक्षिकाचा प्लॉट एक एकर, आणि त्याला लागूनच त्याच शेतकऱ्याची नेहमीच्या पद्धतीची पेरणी. तीच जमीन, तोच वाण, पेरणीत जास्तीत जास्त दोन दिवसांचा फरक. तुलनेचा प्लॉट ओढ्यापलीकडच्या मुरमाड रानात घेतला तर पुढचं सगळं गणित पाण्यात. मग वाढलेलं उत्पादन तुमच्या सल्ल्याचं नसतं, काळ्या जमिनीचं असतं. दुसरी चूक म्हणजे गावातल्या सगळ्यात हुशार शेतकऱ्याचा, रस्त्याकडेचा तुकडा निवडणं. पाहुण्यांना दाखवायला तो चांगला. पुरावा म्हणून मात्र तो कच्चा, कारण तो शेतकरी तुम्ही नसतानाही बरं पिकवतोच.

काढणीच्या दिवशी तिथे हजर राहणं हे या सगळ्यातलं अर्धं काम. शेतकरी पहाटे मजूर लावतो, दुपारी दोन्ही प्लॉटचा माल एकाच मळणी यंत्रातून निघतो आणि संध्याकाळी एकच ढीग उरतो. मग ‘अंदाजे दहा पोती’ असं लिहावं लागतं. म्हणून शेंगा पिवळ्या पडू लागल्या की दर दोन दिवसांनी फोन करा आणि कापणीच्या आदल्या दिवशी दोन्ही प्लॉटमध्ये खुंट्या ठोकून घ्या.

चौकोन 10 मीटर बाय 5 मीटर. जागा नजरेने निवडायची नाही, कारण नजर भरगच्च झाडांकडेच जाते. प्लॉटच्या एका कोपऱ्यापासून लांबीवर किती पावलं आणि रुंदीवर किती, या दोन आकड्यांच्या चिठ्ठ्या काढायच्या. बांधालगतच्या ओळी सोडायच्या. खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे, प्रत्येकी 11.18 मीटर भरले पाहिजेत. नाही भरले तर चौकोन तिरका आहे. आतली झाडं कापून ताडपत्रीवर वेगळी झोडपायची आणि दाणे तोलायचे. क्षेत्र 50 चौरस मीटर असल्यामुळे किलोचा आकडा दुप्पट केला की हेक्टरी क्विंटल मिळतात.

ओलावा इथे दगा देतो. समजा 10.8 किलो दाणे आले, म्हणजे हेक्टरी 21.6 क्विंटल. पण मीटरवर ओलावा 18 टक्के दिसतोय. 12 टक्क्यांवर आणायचं तर 10.8 ला 82 ने गुणून 88 ने भागायचं. 10.06 किलो येतात, म्हणजे हेक्टरी साधारण 20 क्विंटल. दीड क्विंटल नुसतं पाणी होतं. बीबीएफवरचं पीक थोडं उशिरापर्यंत हिरवं राहिलं असेल आणि तुलनेचा प्लॉट वाळलेला असेल, तर ही दुरुस्ती न करता लिहिलेली वाढ फसवी ठरते. विद्यापीठाचा माणूस तपासायला बसला की पहिला प्रश्न ओलाव्याचाच विचारतो.

पुढचं गणित केव्हीकेवाल्यांना पाठ असतं. कृषी विभागातले अनेक जण ते करत नाहीत, पण करावं. धरा, वाणाची क्षमता 25, प्रात्यक्षिक 20, शेतकऱ्याची पद्धत 16 क्विंटल. क्षमता आणि प्रात्यक्षिकातलं अंतर 5 क्विंटल, ते तंत्रज्ञानाचं अंतर. पाऊस, जमीन, स्थानिक अडचणी त्यात येतात. प्रात्यक्षिक आणि शेतकऱ्यातलं अंतर 4 क्विंटल, ते विस्ताराचं. ते भरून काढणं ही आपली नोकरी. तंत्रज्ञानाच्या अंतराला क्षमतेने भागून शंभराने गुणलं की निर्देशांक येतो, इथे 20 टक्के. तो जितका कमी, तितकं ते तंत्र तुमच्या गावाला मानवणारं. आपल्या प्रस्तावांत नुसती ‘25 टक्के वाढ’ असते, हे दोन तुकडे वेगळे दाखवलेले नसतात.

पैशांचं लिहिताना हमीभाव धरू नका. त्या आठवड्यातला तुमच्या बाजार समितीचा सर्वसाधारण दर धरा, तारीख टाका. वाढीव 4 क्विंटल 4,200 रुपयांनी गेले तर 16,800. वाढीव खर्चात बीजप्रक्रियेसोबत जास्तीच्या मालाची मळणी आणि वाहतूकही धरा.

एक धोका इथेच सांगून ठेवतो. प्रात्यक्षिकात विद्यापीठाची शिफारस नसलेलं टॉनिक किंवा त्या पिकावर लेबल क्लेम, म्हणजे वापराची अधिकृत मंजुरी, नसलेलं कीटकनाशक वापरलं असेल, तर उत्पादन कितीही आलं तरी तो प्लॉट प्रस्तावात घालू नका. दुकानदाराने फुकट दिलेली बाटली असा घात करते.

आता त्या मुख्य आकड्याकडे येऊ: तुमच्या योजनेबाहेर किती जणांनी केलं? याला सर्वेक्षण संस्था लागत नाही. गावाच्या खातेदारांची यादी घ्या, प्रात्यक्षिकवाल्यांची नावं वगळा आणि उरलेल्यांतून दर दहावं नाव उचला. तीनशे खातेदार असतील तर तीस घरं. पेरणीनंतर पंधरा दिवसांत भेटा. सुगीनंतर गेलात तर कुणाला नीट आठवत नाही.

प्रश्न कसा विचारता, यावर उत्तर ठरतं. ‘बीजप्रक्रिया केली का?’ असं कृषी सहायकाने विचारलं तर समोरचा ‘हो साहेब, केली की’ म्हणणारच. त्यात खोटेपणा नसतो, पाहुणचार असतो. त्याऐवजी विचारा, ‘यंदा बियाण्याला काय काय लावलं, आणि कशानंतर काय?’ ज्याने खरंच केलंय तो सांगतो, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक (जिवाणू खत) सावलीत. ज्याने जिवाणू आधी लावले आणि वरून बुरशीनाशक चोळलं, त्याने केलंय पण चुकीचं केलंय. त्याचा रकाना वेगळा ठेवा, कारण ती तुमच्या प्रशिक्षणातली राहिलेली फट आहे. उगवणशक्तीचंही तसंच. ‘शंभरातले किती उगवले?’ असं विचारा. आकडा सांगता आला तर गोणपाटावर दाणे ठेवले होते. ‘चांगलं होतं बियाणं’ असं उत्तर आलं तर नव्हते ठेवले.

तीसपैकी अकरा निघाले तर अकराच लिहा. फाईलमधला 11 हा आकडा ‘परिसरात मोठ्या प्रमाणावर अवलंब’ या वाक्याच्या कितीतरी पुढे जातो. पुढच्या वर्षी हीच तीस घरं पुन्हा पाहिलीत तर तुमच्याकडे जे असेल, ते फार थोड्या प्रस्तावांत असतं.

शेतीशाळा, म्हणजे शेतातच भरणारे हंगामभराचे वर्ग, घेत असाल तर ज्ञान वाढल्याचा पुरावा मतपेटी चाचणीतून मिळतो. 1989 मध्ये इंडोनेशियात भातासाठी शेतीशाळा सुरू झाल्या, ही चाचणी त्याच परंपरेतली. आपल्याकडे ती बऱ्याचदा पहिल्या वर्गाला उरकली जाते आणि शेवटच्या वर्गाला विसरली जाते. कापसाच्या शेतात ओळीओळीने दहा पाट्या लावा. प्रत्येक पाटीवर एक प्रश्न, खाली खरा नमुना बांधलेला आणि तीन उत्तरांच्या तीन पेट्या. एका पाटीला डोमकळी (न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल): हे कशाने झालं? दुसरीला ढालकिड्याची अळी: मित्र, शत्रू की निरुपद्रवी? (भुंगा सगळे ओळखतात, अळी पाहिली की हात फवाऱ्याकडे जातो.) तिसरीला कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा): सलग तीन रात्री किती पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीचा बंदोबस्त करायचा? उत्तर, सापळ्यामागे रोज आठ. प्रत्येकाला क्रमांकाच्या दहा चिठ्ठ्या द्या. एका पाटीपाशी एकच माणूस, दोन मिनिटं. वाचता न येणाऱ्यासोबत वाचणारा असू दे, पण तो त्या शाळेतला नको.

चाचणी सकाळी नऊच्या आत घ्या. अकरानंतर पानं कोमेजतात आणि अळी खाली पडते. गर्दी झाली की पुढच्याचं बघून चिठ्ठी टाकली जाते. गुण मांडताना एक गोष्ट हटकून राहते: 25 जण, 10 प्रश्न, म्हणजे 250 उत्तरं, आणि तीन पेट्या असल्यामुळे डोळे मिटून टाकल्या तरी 83 च्या आसपास बरोबर येतात. सुरुवातीला 110 आणि शेवटी 190 आले असतील, तर 110 मध्ये ज्ञान थोडंच होतं. हे एका ओळीत लिहा, वाचणाऱ्याला कळतं की तुम्हाला तुमचा आकडा कळतो.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. नागपूरची वनामती ही राज्याची आणि रामेती या विभागांच्या कृषी प्रशिक्षण संस्था, तिथली सेवांतर्गत प्रशिक्षणं वाट्याला येतात तशी घ्यावीच लागतात, निवडीला तिथे फारसा वाव नसतो. निवडायचं झालं तर हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय कृषी विस्तार संस्थेचा कृषी विस्तार व्यवस्थापनाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम पदवीधरांनी करावा. नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने वर्षभरात दोन सत्रांत होतो, आणि त्यातला प्रकल्प स्वतःच्याच गावांवर करता येतो. वर सांगितलेलं तीस घरांचं काम त्या प्रकल्पात चपखल बसतं. प्रमाणपत्रांची जाडी कुणी मोजत नाही. प्रत्येक प्रशिक्षणानंतर तीन ओळी लिहा: काय वेगळं करणार, कोणत्या गावात, कोणत्या तारखेपर्यंत. सहा महिन्यांनी त्याखाली चौथी ओळ येते, झालं की नाही. प्रमाणपत्राच्या मागे हा कागद लावला तर त्या प्रमाणपत्राला अर्थ राहतो.

श्रेयाचा विषय नाजूक आहे. अहवाल वर सरकतो तसं खालच्याचं नाव गळत जातं. भांडून ते परत येत नाही. दैनंदिनीत गट क्रमांक, वेळ आणि नेमकं काम लिहिलेलं असलं की येतं. ‘शेतकरी भेटी’ हे दोन शब्द कुणाचंच श्रेय सिद्ध करत नाहीत. ‘सोयाबीन, गट क्रमांक अमुक, खोडमाशी, दहा झाडं चिरून पाहिली, तीन लागट’ हे तुमचंच राहतं. फोटोत जागा आणि तारीख येऊ द्या, आणि पेरणीआधीचा एक फोटो त्याच बांधावरून, त्याच झाडाला एका कडेला धरून काढा. नंतरचा कितीही देखणा असला तरी आधीच्याशिवाय तो नुसता हिरवा रंग असतो.

राहिली शेतकऱ्यांची पत्रं. दहा पत्रं, एकच मजकूर, एकाच पेनाची शाई आणि खाली दहा सह्या, हे दुरूनच ओळखू येतं. दोनच घ्या, पण त्यांच्या हातची. गट क्रमांक, पेरणीची तारीख, काय केलं, किती पिकलं. त्यांच्यातल्या एखाद्याने ‘वरंबा-सरी पटली, पण जिवाणूचं पाकीट वेळेवर मिळालं नाही म्हणून ते सोडलं’ असं लिहिलं असेल तर ते खोडायला सांगू नका. ते पत्र सगळ्यात वर लावा.