जिम्माला जायचंय? आधी पिवळ्या कार्डाचं बघा

दादा इथिओपियातल्या जिम्मा विद्यापीठात शिकवायला गेला तेव्हापासून आईचा धोशा चालू होता, एकदा त्याचं बिऱ्हाड बघून येऊ. ई-व्हिसा घरबसल्या मिळाला. मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान आहे, पुढे जिम्माला तासाभराचं छोटं विमान. रस्त्यानेही जाता येतं, साडेतीनशे किलोमीटर, पण आईला घेऊन तो विचारच केला नाही. इथवर सगळं सुरळीत. डोकं फिरवलं ते पिवळ्या तापाच्या लशीने. लशीने म्हणजे ती देणाऱ्या केंद्राने.

लस घेतल्याचा दाखला म्हणजे पिवळं कार्ड. भारतातून थेट जाणाऱ्याकडे इथिओपिया ते मागत नाही. मागतो तो आपलाच देश, परत येताना. आपल्याकडे पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा एडिस डास मुबलक आहे, त्यामुळे पिवळ्या तापाच्या यादीतल्या देशातून कार्डाशिवाय उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात. आणि हे उगाच नाही. 1960 ते 1962 या काळात इथिओपियाच्या याच नैऋत्य भागात पिवळ्या तापाची साथ आली, त्यात अंदाजे 30,000 माणसं गेली. त्यामुळे लस घ्यायला माझी ना नव्हतीच.

लस खाजगी दवाखान्यात सहज मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. एका कुपीत अनेक डोस असतात आणि द्रावण मिसळलं की सहा तासांत संपवावं लागतं. म्हणून वार ठरलेला, माणसंही मोजकी. हेही पटलं. न पटलेलं पुढे आहे.

आईचं वय साठीच्या पुढे. पहिल्या खेपेला खिडकीवरच्या बाईंनी पासपोर्ट उघडला, जन्मतारीख पाहिली आणि मिटून परत सरकवला. "फिटनेस आणा." आमच्या डॉक्टरकाकांनी लगेच लिहून दिलं. आईला गेली कित्येक वर्षं तेच तपासतात. पुढच्या वारी ते पत्र घेऊन गेलो तर, "एमडी फिजिशियनचं हवं." बरं. ते आणलं, तपासणीचे पैसे मोजून आणलं. तर म्हणे यावर पासपोर्ट नंबर कुठाय? मी म्हटलं, मॅडम, हे सगळं मागच्या वेळी एकदम का नाही सांगितलं? त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाहीत." भिंतीवर थुंकू नये, मोबाइल बंद ठेवा, चपला बाहेर काढा, सगळ्या पाट्या होत्या. साठीपुढच्यांनी काय आणावं याची तेवढी नव्हती. माझ्या मागे नायजेरियाला मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेले एक आजोबा होते, त्यांच्या हातातही तसलंच अर्धवट पत्र. त्यांना मी तिथूनच परत फिजिशियनकडे पिटाळलं, निदान त्यांचा रांगेतला वेळ तरी वाचला.

तिकिटं काढून झालेली, आणि कार्ड लस टोचल्याच्या दिवसापासून लागू होत नाही, दहा दिवसांनी होतं. संरक्षणही तेवढ्यानंतरच. मी घरी रोज कॅलेंडरवर बोट ठेवून मागे मोजायची. आई म्हणायची, "अगं, होईल." झालं एकदाचं. कार्डावरचा शिक्का ओला होता, कंपाउंडर म्हणाला, आजी, मिटू नका, पसरेल. आईने ते पिवळं पुस्तक लग्नपत्रिकेसारखं दोन हातांत उघडं धरून ठेवलं. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात, कुणाला काही त्रास झाला तर म्हणून. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

तर साठीपुढच्यांनी: फिजिशियनचं पत्र लेटरहेडवर, त्यावर पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. सोबत मूळ पासपोर्ट आणि झेरॉक्स. आणि फोन करून "अजून काय लागेल" हे दोनदा विचारा.

आता जिम्मा. शहर साधारण 1,750 मीटरवर आहे, संध्याकाळी शाल लागतेच. पाऊस जून ते सप्टेंबर जोरात. आम्ही नोव्हेंबरमध्ये गेलो, ते बरं झालं. लाल कॉफीची फळं झाडावर होती आणि गावाबाहेर उंच जाळीच्या माचांवर वाळतही होती. बायका ती हाताने चाळवत, खराब फळ वेचून बाजूला टाकत. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. शिरो म्हणून कडधान्याच्या पिठाचं कालवण मिळतं, आईने पहिल्या घासालाच ते पिठल्यात जमा केलं. बुधवार-शुक्रवार ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपास असतो, त्यात मांस, दूध, अंडं काही नाही. त्या दिवशी 'त्सोम'चं, म्हणजे उपासाचं, जेवण मागितलं की एका इंजेरावर, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या घावनावर, चार-पाच भाज्या-डाळी येतात.

जिम्माजवळच्या जिरेनच्या टेकडीवर इथले राजे अब्बा जिफार दुसरे यांचा लाकडी वाडा आहे. 1878 ते 1932 एवढा काळ हा माणूस गादीवर होता. इथिओपियाचा सम्राट मेनेलिक याच्याशी लढण्याऐवजी त्यांनी खंडणी कबूल केली आणि राज्य राखलं. सज्जाचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे, पण जिने जपून उतरा. गुरुवारचा बाजार मोठा भरतो. एकाच ओंडक्यातून कोरलेलं तीन पायांचं स्टूल तिथे मिळतं. मला घ्यायचं होतं, आईने बॅगेच्या वजनावरून मोडता घातला.

दादाच्या शेजारणीकडे कॉफीला बोलावलं होतं. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, शेगडीवर कच्चे दाणे तव्यात भाजले, धूर प्रत्येकाच्या नाकाशी फिरवला, मग कुटून जेबेनात, म्हणजे मातीच्या सुरईत, उकळले. तीन फेऱ्या होतात, शेवटच्या फेरीआधी, म्हणजे 'बरका'आधी, उठायचं नाही. सोबत लाह्या. तासभर सहज जातो, घाईत असाल तर आमंत्रण दुसऱ्या दिवसावर ढकला.

घड्याळाचं सांगायचं राहिलंच. तिथे दिवस सूर्योदयापासून मोजतात, आपल्या पद्धतीने सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. गाडीवाल्याने वेळ सांगितली की कुठल्या घड्याळाची ते विचारून घ्या. विमानाच्या तिकिटावर मात्र आपल्या पद्धतीचीच वेळ असते.

आणि परतताना कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नका. मुंबईत आरोग्य तपासणीचं टेबल इमिग्रेशनच्याही आधी येतं, सामान त्यानंतर हाती लागतं. आमच्या पुढच्या गृहस्थांचं कार्ड बॅगेत होतं, ते बाजूला उभे राहून फोनवर फोन लावत होते. आईने तिचं पर्समधून काढून त्या साहेबांच्या पुढ्यात उघडून ठेवलं. त्याने नीट पाहिलंसुद्धा नाही. ती मात्र म्हणाली, "बघा ना, फिजिशियनचं पत्रही आहे."