सेटिंग सिंक करा, पण सगळंच नको

पावसाळ्यात गुहागरला कामाला बसायचं म्हणजे लाईट आणि नेट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून घरचा डेस्कटॉप आणि चिपळूणला नेतो तो लॅपटॉप अशा दोन मशीनवर माझं काम चालतं. दोन्हीकडे शॉर्टकट, थीम सारखं नसेल तर अर्धा वेळ शोधाशोधीतच जातो.

व्हीएस कोडमध्ये, म्हणजे मी कोड लिहायला वापरतो त्या एडिटरमध्ये, हे एकदम सोपंय, २०२० पासून सेटिंग्ज सिंक (सेटिंग सगळ्या मशीनवर आपोआप सारखी ठेवायची सोय) आतच आलंय, गिटहब नाहीतर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की सेटिंग, स्निपेट (कोडचे तयार तुकडे), एक्स्टेन्शन (वरून टाकलेल्या जास्तीच्या सोयी) सगळं दुसरीकडे येतं. पण सगळंच येऊ देऊ नका असं माझं मत आहे. मोठ्या मॉनिटरवर बरा वाटणारा फॉन्ट लॅपटॉपच्या स्क्रीनवर निम्मी जागा खातो. त्या सेटिंगशेजारच्या गिअरवर क्लिक करून 'सिंक धिस सेटिंग'ची टिक काढायची, झालं काम. मॅक आणि विंडोजचे शॉर्टकट तर तो आपणहूनच वेगळे ठेवतो.

बाकीच्या ॲपच्या फाइल्सना मी सिंकथिंग, म्हणजे दोन मशीनमधले फोल्डर थेट एकमेकांशी जुळवून ठेवणारा प्रोग्रॅम, वापरतो आणि ते मला मनापासून आवडतं, कारण मधे कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर फाइल ठेवायची गरजच नाही, दोन्ही मशीन एकाच वायफायवर असली की बाहेरचं नेट बंद असलं तरी चालतं, फक्त राउटर इन्व्हर्टरवर हवा. आमच्याकडे याची किंमत जून ते सप्टेंबर कळते. फक्त एकच फाइल दोन्हीकडे वेगवेगळी बदलली गेली तर जुन्या वेळेची जी असेल तिच्या नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट', तारीख आणि वेळ चिकटते. ती घाईने उडवू नका, आधी दोन्ही शेजारीशेजारी उघडून बघा, कामाची एखादी ओळ तिच्यातच असते.

गणपतीला भाचा आला तेव्हा म्हणाला, "मामा, सिंक आहे तर बॅकअप कशाला?" अरे बाबा, इथे डिलीट केलेली फाइल तिथूनही जाते, सिंकचं कामच ते! सिंकथिंगमध्ये जुन्या फाइल्स राखायची सोय आहे, पण फोल्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन फाइल व्हर्जनिंग स्वतः चालू करावं लागतं. आणि तेवढ्यावरही राहू नका. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली होती, दुकानातले कॉम्प्युटर कोण वाचवणार. म्हणून एक कॉपी गावाबाहेर हवीच. आता माझी एक हार्डडिस्क पुण्याला भाच्याकडे असते, गणपतीला येताना तो ती घेऊन येतो, नवी कॉपी मारून परत नेतो.