पीठ, मासे आणि निम्मी-निम्मी भाषा

ट्रोम्सो (उत्तर नॉर्वे), नोव्हेंबर
मंगळवार, रात्री उशिरा

ड्युटी संपता संपता कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींनी हाक मारली, "बोआदे देइके!" मी दारात थबकले. मी इथे कामाला लागल्यापासून आजी माझ्याशी नॉर्वेजियनमध्येच बोलत आल्या आहेत. स्मृतिभ्रंश वाढत चाललाय तशी त्यांची नॉर्वेजियन गळायला लागलीय आणि तळाशी दडलेली सामी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची भाषा, वर येतेय. "इकडे ये" म्हणत होत्या, एवढं मला काउतोकेइनो या सामी गावातल्या सहकारी मैत्रिणीमुळे कळलं. तिच्याकडून चार-सहा वाक्यं शिकून घेतली आहेत. कामाला लागतात.

पलंगाशेजारी त्यांची मुलगी बसली होती. साठीच्या पुढची बाई. आईचं बोलणं तिला कळत नव्हतं आणि मला कळत होतं, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला की मला तिथे उभं राहवेना. ती म्हणाली, घरात आई-बाबा एकमेकांशी काहीतरी वेगळं बोलायचे, पण आम्ही मुलं आत आलो की थांबायचे. आपण सामी आहोत हे तिला कळलं ते लग्नानंतर, एका मावशीच्या तोंडून.

जेवण झाल्यावर आता लिहायला बसलेय, पण डोकं शांत होत नाही. या किनाऱ्यावर असं घरोघरी झालं. 1851 मध्ये सरकारने एक निधी काढला आणि सामी व क्वेन (पूर्वी फिनलंडकडून आलेल्या लोकांच्या) मुलांना नॉर्वेजियन करण्यात यश दाखवणाऱ्या शिक्षकांना त्यातून वाढीव पगार दिला. 1880 च्या सूचनांनी शाळेतल्या सामीला आणखी आवळलं. 1902 मध्ये तर फिनमार्कमध्ये, म्हणजे उत्तर टोकाच्या प्रांतात, सरकारी जमीन विकत घ्यायची असेल तर नॉर्वेजियन बोलता-वाचता-लिहिता आलं पाहिजे, असा नियम आला. जमिनीचा तुकडा हवा तर भाषा सोड. मग निवासी शाळा आल्या. सहा-सात वर्षांचं पोर घरापासून कित्येक मैल लांब, आणि तिथे आईची भाषा बोलायची सोय नाही. 1944 च्या हिवाळ्यात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्क आणि शेजारच्या ट्रोम्स प्रांताच्या उत्तर भागातली गावंच्या गावं जाळली. आजी तेव्हा लहान होत्या. त्यानंतर उभी राहिलेली घरं, कपडे, शाळा सगळं एकाच छापाचं, नॉर्वेजियन.

1997 मध्ये राजे हाराल्ड यांनी सामी संसदेत माफी मागितली. 12 नोव्हेंबर 2024 ला नॉर्वेच्या संसदेनेही मागितली. दोन्हींची किंमत मला कळते. पण आज त्या पलंगाशेजारी आई आणि मुलगी यांच्या मधे दुभाषी म्हणून मी होते, सांगलीकडची बाई. हे विसरता येत नाही.

गुरुवार

आज सुट्टी. अकरा वाजता जेमतेम उजेड झाला आणि मी बंदरावर फिरून आले. धक्क्याला एक रशियन ट्रॉलर लागला होता, गंजलेला, मागे जाळ्यांचा ढीग. 2022 च्या युक्रेन युद्धानंतर रशियन मासेमारी जहाजांना नॉर्वेत फक्त तीन बंदरं उरली: ट्रोम्सो, किर्केनेस आणि बॉट्सफ्योर. धक्क्यावर एक पोलीस गाडी उभी होती. दोन खलाशी सिगारेट ओढत होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

याच पाण्यात शे-दीडशे वर्षांपूर्वी केवढी बडबड चालायची! त्या बोलीवर माझा मनापासून जीव आहे, म्हणून आज तिच्याबद्दल सविस्तर लिहून ठेवते.

श्वेत समुद्राच्या काठी, आर्खांगेल्स्कच्या बाजूला राहणारे पोमोर लोक उन्हाळ्यात जहाजं भरून इकडे यायचे. जहाजात राय धान्याचं पीठ, लाकूड, दोर. इथल्या कोळ्यांकडे मासे होतेच, पण धान्य पिकत नव्हतं. आणि व्यवहाराचं सगळं गणित एका माशीवर बसलेलं होतं. इथे मासे उन्हाळ्याच्या आधी लाकडी मांडवांवर टांगून वाळवतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र माशा मासळीत अंडी घालतात आणि तिच्यात अळ्या होतात. त्या दिवसांना इथे "अळ्यांचा हंगाम" असंच नाव होतं. तेव्हा पकडलेला मासा नॉर्वेजियन व्यापाऱ्याला नको असायचा. पोमोरांना तो चालायचा, कारण ते जहाजावरच मिठात घालायचे. म्हणजे एरवी वाया जाणाऱ्या माशाच्या बदल्यात कोळ्याच्या घरात हिवाळ्याचं पीठ यायचं. नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांनी नाकेबंदी केली आणि दक्षिणेकडून येणारं धान्य अडलं, तेव्हा या पिठावर उत्तरेतली माणसं जगली.

या देवघेवीत जी बोली तयार झाली तिला अभ्यासक रुसेनोर्स्क म्हणतात. बोलणारे तिला "मोया पो त्वोया" म्हणायचे, म्हणजे साधारण "मी तुझ्या भाषेत". तिचा पहिला लेखी पुरावा अठराव्या शतकाच्या शेवटाकडचा आहे. नोंद झालेले शब्द सारे मिळून चारशेच्या आसपास, जवळजवळ निम्मे नॉर्वेजियन, त्याहून थोडे कमी रशियन, आणि उरलेले इंग्रज, डच, जर्मन खलाशांकडून, सामींकडून आलेले. क्रियापद कुठल्याही बाजूचं असो, त्याला शेवटी "ओम" लावायचं: स्लिपोम म्हणजे झोपणं, कास्तोम म्हणजे फेकणं, स्मोत्रोम म्हणजे बघणं. "पो" हे एकच अव्यय "त", "वर", "कडे", "चा", सगळ्यांचं काम करायचं, कारण दोन्ही भाषांत त्याच्यासारखा शब्द आधीच होता. जिथे दोघांचं जुळतंय तिथेच पाय ठेवायचा, असा सगळा शहाणपणा.

लिहून ठेवलेली काही वाक्यं वाचताना डेकवरची माणसं दिसायला लागतात. "काक स्प्रेक? मोया नियेत फोर्स्तो." काय म्हणतोस? मला नाही समजलं. एकजण चिडलाय: "मोया त्वोया पो वातेर कास्तोम!" तुला पाण्यात फेकीन! आणि मला सगळ्यात आवडणारं, लांबलचक आमंत्रण: खायचं असेल, चहा प्यायचा असेल तर ये माझ्या जहाजावर, आणि मग आडवा हो, झोप. "काक यू विल स्काफोम या द्रिक्के ते, दावाई पो शिप त्वोया लिग्गे ने येस पो स्लिपोम." "दावाई" रशियन, "यू" इंग्रजी, "द्रिक्के" नॉर्वेजियन. भाव ठरलेला, पीठ उतरवून झालेलं, रात्रीचा सूर्य अजून वरच, आणि कुणीतरी कुणाला तरी हक्काने म्हणतंय, लोळ इथेच.

व्यापारी वसाहतींत जन्मलेल्या बहुतेक सोय-बोलींमध्ये शब्द मालकाचे असतात आणि वाकायचं काम मजुराने करायचं असतं. इथे मालक कुणीच नव्हतं. पीठवाल्याला मासा हवा, मासेवाल्याला पीठ. दोघांनाही दुसऱ्याला कमी लेखायची ऐपत नव्हती, म्हणून दोघेही निम्मे निम्मे वाकले. त्या बोलीला "मोडकी रशियन" म्हणणारे मला अगदी पटत नाहीत. मोडली असेल तर दोन्हीकडून सारखी मोडली, आणि त्या तुकड्यांवर शंभराहून जास्त वर्षं धंदा आणि मैत्री चालली.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मोठे नॉर्वेजियन व्यापारी नीट रशियन शिकायला लागले, मुलांना त्यासाठी आर्खांगेल्स्कला पाठवायला लागले. मग डेकवरची बोली गरीब कोळ्यांची, हसण्यासारखी ठरली. 1917 च्या क्रांतीनंतर व्यापारच आटला आणि बोलीही संपली. 1920 च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ ओलाफ ब्रोक यांनी तिच्यावर लिहिलं, तोवर ती आठवणींत उरली होती. बोली गेल्याचं मला वाईट वाटतं, पण आजींच्या सामीसारखं नाही. रुसेनोर्स्क कुणाची मायबोली नव्हती. काम संपलं, ती थांबली. कुणाच्या मुलांपासून ती लपवावी लागली नाही.

शनिवार

शेजारची पोरं बर्फात पुल्क ओढत होती. ही लहान मुलांना बसवायची घसरगाडी इथे घराघरांत असते, आणि शब्द सामींकडून आलेला. रशियनमधला "तुंद्रा" हाही सामीच्या कुळातला, तिथून पुढे सगळ्या जगात, आपल्या भूगोलाच्या पुस्तकातही गेला. लोक सामीबद्दल बोलतात ते तिने काय काय उसनं घेतलं याबद्दल. तिने दिलेलं फारसं कुणी मोजत नाही.

आणि उसनं घेतलेलंसुद्धा कसं सांभाळलंय! राजाला उत्तर सामीत "गोनागस" म्हणतात. दीड हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या नॉर्डिक भाषेत शब्दाच्या शेवटी जो "अझ" होता, तो खुद्द नॉर्वेजियनमधून केव्हाच झिजून गेला, तिथे "कोंगे" उरलं. सामीत तो शेपटासकट शिल्लक आहे. शाळेत ज्या भाषेला बंदी केली, तिच्याकडे आपल्याच पणज्यांची ठेव होती हे त्या मास्तरांना ठाऊक असतं तर काय झालं असतं, कोण जाणे.

ट्रोम्सोपासून गाडीने दीड-दोन तासांवर स्टूरफ्योर आहे. तिथल्या हद्दीवर पाटी तीन भाषांत: नॉर्वेजियन स्टूरफ्योर, सामी ओमासवुओत्ना, क्वेन ओमासवुओनो. तिच्यावर पुन्हा पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या आहेत. नॉर्वेजियन नाव सोडून खालच्या दोन नावांवर. नेम धरून. त्याच रस्त्याने एकदा बसमधून जाताना मी ती भोकं पाहिली आणि पोटात गोळा आला. पत्र्यावरचं एक नाव कुणाला एवढं खुपावं?

रविवार, दुपार पण अंधार

आणखी एक जागा गेले कित्येक दिवस डोक्यात घोळतेय. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या कामचाट्का द्वीपकल्पाच्या पूर्वेला कमांडर बेटं आहेत. त्यातलं छोटं बेट मेदनी, म्हणजे "तांब्याचं". तिथे आधी मनुष्यवस्ती नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रशियन-अमेरिकन कंपनीने फरच्या सीलची शिकार करायला अल्यूत लोकांना (अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांना) आणून वसवलं, मेदनीवर मुख्यतः अट्टू बेटावरचे. रशियन पुरुष, अल्यूत बायका, त्यांची मुलं. या मुलांच्या पिढ्यांतून जी भाषा घडली ती पाहून भाषाशास्त्रज्ञ आजही चकित होतात. नामं अल्यूत, त्यांचे प्रत्यय अल्यूत, क्रियापदांचे धातूही अल्यूत; पण काळाचे आणि पुरुषाचे प्रत्यय थेट रशियन. शब्द उसने घेणं जगभर चालतं, क्रियापदाचे प्रत्यय मात्र सहसा कुणी कुणाला देत नाही. भाषेचा तो सगळ्यात आतला भाग. "करतो-करतेस-करतात" यांची शेपटं उद्या आपण दुसऱ्या भाषेतून आणून "कर"ला चिकटवली तर कसं वाटेल, तसं.

ही तुटक सोय-बोली नव्हती, घरातली पूर्ण भाषा होती. आईचं आणि बापाचं असं वाटून घ्यायला त्या मुलांना जमलं, आणि मला वाटतं ती रशियनही नीट बोलत असणार, नाहीतर ते प्रत्यय इतके अचूक बसले नसते. कुणाला भाषा येत नव्हती म्हणून ही सरमिसळ झाली नाही, दोन्ही येत होत्या म्हणून झाली. 1970 च्या सुमारास मेदनीवरचं गाव प्रशासनाने बंद केलं आणि माणसांना शेजारच्या बेरिंग बेटावर निकोल्स्कोये गावात हलवलं. शाळेत रशियन, दुकानात रशियन. 2022 मध्ये ती भाषा बोलणारी शेवटची व्यक्ती गेली.

ही बातमी वाचली त्या दिवशी जे वाटलं ते इथे लिहून ठेवते. रशियनशी इतकी जवळीक करूनही ती भाषा दीडशे वर्षं धडधाकट राहिली. गाव हलवलं आणि एका पिढीत ती उतरणीला लागली. सरमिसळीने भाषा बाटते, बुडते, असं आपल्याकडे ऊर बडवून सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा मेदनीचा नकाशा उघडून बघावा.

सोमवार, ड्युटीवरून आल्यावर

आईला फोन केला होता. तिला आजींबद्दल सांगितलं, मग बोलता बोलता कुपवाडवर आलो. सांगली-मिरजेच्या पोरांना ते गाव एमआयडीसीसाठी माहीत. पण भाषाशास्त्राच्या जगात ते प्रसिद्ध आहे: गम्पर्झ आणि विल्सन यांनी 1971 मध्ये तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूबद्दल लिहिलं. शेकडो वर्षं शेजारी राहून या भाषांची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती की एकीतलं वाक्य दुसरीत न्यायला नुसते शब्द बदलले तरी भागावं. तिथल्या मराठीने निर्जीव वस्तूंचं लिंग कन्नडसारखं करून घेतलं, तर उर्दूने मराठीतला "आम्ही" आणि "आपण" यांच्यातला भेद घेतला. शब्द मात्र ज्याचे त्याने आपापले ठेवले, घरात आपली ओळख राहावी म्हणून. पोमोरांच्या जहाजावर शब्दांची वाटणी झाली, कुपवाडात व्याकरणाची.

आई म्हणाली, "अगं, आमच्या भाजीवाल्या मावशी तशाच बोलायच्या की. आम्ही त्यांना हसायचो."

"हसायचात?"

"शाळेत बाईच सांगायच्या ना, असं बोलायचं नाही म्हणून."

मग ती बराच वेळ मावशींचं बोलणं आठवून आठवून सांगत राहिली आणि मी ते उतरवून घेतलं. काही वाक्यांत "नदी आली"च्या जागी नपुंसकलिंग आहे, अगदी त्या अभ्यासात सांगितल्यासारखं. आई म्हणतेय, मावशींची सून अजून मंडईत बसते, तिच्याशी बोलून बघते.

आजींच्या मुलीने आज वॉर्डमध्ये येऊन माझ्या मैत्रिणीला विचारलं, शनिवार-रविवार सोडून मधल्या वारीही तुझी पाळी लावता येईल का. ते आमच्या हातात नाही, पण वरिष्ठांना आम्ही दोघींनी मिळून पत्र लिहिलंय. मुलीने स्वतःसाठी वहीत वीसेक शब्द लिहून घेतले: पाणी, दुखतंय का, थंडी वाजते का, मी आहे इथे.