‘एक पॉइंट दोन’ म्हणजे काय?

मोठ्यांच्या वॉर्डात बहुतेक वेळा एक गोळी म्हणजे एक गोळी असते. लहान मुलांच्या तातडी विभागात मात्र तीन किलोच्या बाळापासून चाळीस किलोच्या मुलापर्यंत सगळे एकाच खाटेवर येऊन जातात. प्रत्येकाचा डोस वजनाप्रमाणे नव्याने काढावा लागतो आणि दशांशचिन्ह एक घर सरकले की तोच डोस दहापट होतो. गोव्यातल्या अशा विभागात मी बरीच वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे, आणि तरीही गेल्या जुलैत माझ्या हातून जे होता होता राहिले, ते लिहून ठेवावेसे वाटते.

रात्री आठच्या ड्युटी बदलाच्या वेळी १०८ मधून तीन वर्षांची एक मुलगी आली, ती झटके चालू असतानाच. आईला कन्नडखेरीज दुसरी भाषा येत नव्हती, वडील गवंडीकामावरून सिमेंटने माखलेल्या कपड्यांतच धावत आले होते. त्यांच्या पिशवीत अंगणवाडीचे कार्ड होते, म्हणून वजन बारा किलो असल्याचे कळले. वयात चार मिळवून दुप्पट करण्याच्या नेहमीच्या हिशेबाने आम्ही ते चौदा धरले असते. डॉक्टरांनी झटके थांबवणारे मिडाझोलम हे औषध ‘एक पॉइंट दोन’ द्यायला सांगितले. मीही ‘एक पॉइंट दोन’ म्हणत कुपीतून १.२ मिलिलिटर सिरिंजमध्ये ओढले.

आमच्याकडे नेहमी येणाऱ्या कुपीत एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम औषध असते, त्यामुळे मिलिग्रॅम आणि मिलिलिटरचे आकडे आपोआप जुळतात आणि एकक उच्चारण्याची सवयच राहत नाही. त्या आठवड्यात मात्र स्टोअरमधून एका मिलिलिटरला पाच मिलिग्रॅमच्या कुप्या आल्या होत्या आणि कुणीतरी त्या त्याच ट्रेमध्ये लावल्या होत्या. माझ्या शेजारी सत्तरी तालुक्यातली एक नर्सिंगची विद्यार्थिनी उभी होती. ती हळूच म्हणाली, “सिस्टर, मात्शें रावात (जरा थांबा). ही पाचाची आहे.”

डॉक्टरांना हवे होते १.२ मिलिग्रॅम, माझ्या हातात सहा मिलिग्रॅम होते. एवढ्या औषधाने त्या मुलीचा श्वास थांबू शकला असता. सिरिंज टाकून दिली, पुन्हा भरली आणि थोड्याच वेळात झटके थांबले. पण खरे सांगायचे तर माझ्या मनात प्रथम आली ती कृतज्ञता नव्हे, चीड होती: नातेवाइकांसमोर एका विद्यार्थिनीने मला टोकले होते. सुदैवाने तोंडातून ‘परत वाच’ एवढेच निघाले. मी तिच्यावर डोळे वटारले असते, तर पुढच्या वेळी ती गप्प राहिली असती, आणि तिला पाहून बाकीच्या मुलीही.

दुसऱ्या दिवशी घटनेची नोंद करायला फॉर्म मागितला, तर त्यातला पहिलाच रकाना ‘जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव’ असा होता. “काही झाले नाही ना, मग कशाला?” असेही मला समजावण्यात आले. अमेरिकेतल्या आरोग्यसेवा संशोधन व गुणवत्ता संस्थेने २००४ मध्ये रुग्णालयांतील सुरक्षा-संस्कृती मोजण्यासाठी एक प्रश्नावली काढली. आपली चूक आपल्याविरुद्ध वापरली जाते असे कर्मचाऱ्यांना वाटते का, हे तिच्यात सरळ विचारले आहे. आमच्या फॉर्मने त्याचे उत्तर पहिल्याच ओळीत देऊन टाकले होते. सप्टेंबरच्या १७ तारखेला जागतिक रुग्णसुरक्षा दिन असतो आणि २०२५ मध्ये त्याचा विषय नवजात बाळे व मुलांची सुरक्षित शुश्रूषा हाच होता. आमच्या कॉरिडॉरमध्ये त्याचे नारिंगी पोस्टर लागले, फॉर्म मात्र तोच राहिला.

म्हणून आम्ही ट्रॉलीला एक शंभरपानी वही दोरीने बांधली आहे. नाव लिहायचे नाही. काय होता होता राहिले आणि कोणत्या कारणाने, एवढेच लिहायचे. त्या वहीतूनच पाचाच्या कुप्या वेगळ्या खणात गेल्या, आणि डॉक्टरांनी मिलिग्रॅम म्हणायचे, सिस्टरने ते एककासह परत म्हणून दाखवायचे, हा नियम रुळला. काही डॉक्टर अजून कुरकुरतात, त्यात नवल नाही. झटके चालू असताना दोन वाक्ये जास्तीची वाटतातच.

परवाच्या पानावर पेन्सिलीने लिहिले आहे: ‘रात्री घाईत पाचाची कुपी जुन्या ट्रेमध्ये ठेवली, सकाळी लक्षात आले.’ अक्षर माझ्या ओळखीचे आहे. मी कुपी उचलून खणात ठेवली आणि पान उलटले.