तुम्ही विचारलंत म्हणून: क्वांटम फिजिक्सच्या तासाला मुलं एवढी का बोलतात?

'तिसऱ्या वर्षाला एवढा सिलॅबस, आणि मॅडम मुलांना आपापसांत वाद घालायला लावतात. डेरिव्हेशन कधी करणार?' सहकारी विचारतात, आता विद्यार्थीही. एकदा सविस्तर सांगते.

पूर्वी माझंही म्हणणं हेच होतं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ मध्ये हार्वर्डला वर्गात प्रश्नचर्चा (प्रश्न टाकायचा, मुलांनी उत्तर निवडायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा) सुरू केली ती पहिल्या पायरीच्या भौतिकशास्त्रासाठी. न्यूटनवर वाद घालता येतो, वेव्ह फंक्शनवर, म्हणजे कण कुठे सापडण्याची शक्यता किती हे सांगणाऱ्या गणिती लहरीवर, कसा घालणार?

मग तो तास आला. प्रश्न असा: इन्फिनिट वेलमधल्या, म्हणजे दोन अभेद्य भिंतींमध्ये अडकलेल्या, कणाची ऊर्जा मोजली, E₁ (शक्य असलेली सर्वांत कमी ऊर्जा) मिळाली. लगेच त्याचं स्थान मोजलं. आता पुन्हा ऊर्जा मोजली तर? बहुतेक हात 'E₁च' या पर्यायाला. त्यात एक मुलगी होती, जिची डेरिव्हेशनं मी इतरांना दाखवत असे. शेजारच्यानं तिला विचारलं, 'स्थान मोजल्यावर वेव्ह फंक्शन कसं दिसेल? काढ.' तिनं एक अरुंद सुळका काढला. त्याच्या बाजूला ग्राउंड स्टेटची, म्हणजे E₁ ऊर्जेच्या अवस्थेची, रुंद कमान काढली. दोन्हींकडे बघत राहिली. 'हा सुळका बनवायला खूप साइन लागतील,' ती हळूच म्हणाली, आणि 'E₁च' खोडलं. प्रत्येक साइन लहरीची ऊर्जा वेगळी, म्हणून अनेक ऊर्जा शक्य होत्या.

तासानंतर ती चिडूनच आली. 'मॅडम, तुम्हीच सांगितलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं.' मी सांगितलं होतं, आदल्याच तासाला. तिच्या वहीत, तिच्याच अक्षरात, ते वाक्य होतं. वही उघडून दाखवली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला काय बोलावं ते सुचेना.

सत्राअखेरच्या अभिप्रायांत कुणीतरी लिहिलं: 'शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात.' ते लागलं, अजून लागतं. हार्वर्डमधल्याच २०१९ च्या अभ्यासात हेच दिसलं होतं: अशा वर्गात मुलं जास्त शिकली, पण त्यांना वाटलं कमी शिकलो. म्हणून मी ते मत उडवून लावत नाही. पण त्यावरून पद्धतही बदलत नाही.

सिलॅबसचं म्हणाल तर हो, पर्टर्बेशन थिअरीची (अवघड प्रश्न सोप्या प्रश्नातला छोटा बदल मानून अंदाजे सोडवायची पद्धत) लांबलचक बीजगणितं घरी वाचायला देते. काही जण वाचून येत नाहीत, चर्चेत गप्प बसतात, शेजाऱ्याचं उत्तर उचलतात. कधी वाटतं, त्यांना फळ्यावरचं सरळ व्याख्यानच बरं पडलं असतं. पण मग ती वही आठवते, आणि याही वर्षी पहिल्या तासाला प्रश्नच टाकणार आहे.